शंका घेणारं लोखंड

पोकलेनच्या केबिनमध्ये ऑपरेटरच्या बाजूला एक छोटा पडदा असतो. रस्त्याच्या कामावर, भर दुपारी, बकेट मुरमात रुतलेलं असताना त्या पडद्यावर दिवा लागतो आणि आकडे उमटतात: ११०-०. दुसऱ्या एखाद्या दिवशी त्याच यंत्रावर, त्याच जागी येतं: ११०-३. फरक शेवटच्या एका अंकाचा. पण ११०-० चा अर्थ असा, की इंजिनातलं पाणी खरोखर धोक्याच्या पलीकडे तापलंय, हातातलं काम थांबव. आणि ११०-३ चा अर्थ असा, की पाणी किती तापलंय हे मला कळेनासं झालंय, कारण ज्या तारेवरून ती खबर येते तिच्यावरच माझा विश्वास उरलेला नाही.

हा दुसरा अर्थ पुन्हा एकदा वाचा. वीस टन लोखंड, धूळ, ग्रीस, डिझेल आणि त्यात कुठेतरी बसवलेली एक डबी. त्या डबीला 'पाणी तापलंय' आणि 'पाण्याबद्दल मला भलतंच सांगितलं जातंय' यांतला फरक कळतो! माणसांनाही हा फरक दर वेळी जमत नाही. मग या डबीला तो कोणी शिकवला? ही डबी म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, साइटवर सगळे त्याला ईसीएम म्हणतात. त्याला ना डोळे, ना कान. पाण्याच्या तापमानाबद्दल त्याच्यापर्यंत पोचतं ते एका तारेवरचं व्होल्टेज, बस्स. त्या एका आकड्यातून त्याला दोन गोष्टी ओळखायच्या असतात: पाणी किती गरम आहे, आणि हे सांगणारा खरं बोलतोय का.

आधी पहिली गोष्ट बघू. इंजिनाच्या ब्लॉकमध्ये, जिथून कूलंट वाहतं तिथं, अंगठ्याएवढा एक पितळी सेन्सर आट्यांवर घट्ट बसवलेला असतो. त्याच्या टोकाशी, आतल्या बाजूला, धातूंच्या ऑक्साइडचा एक भाजलेला मणी असतो. धातूची तार तापली की विजेला जास्त अडवते. या मण्याची रीत उलटी: तो जितका तापेल तितकी वीज सहज जाऊ देतो. नेहमी वापरल्या जाणाऱ्या एका प्रकारात हा मणी २० अंशांना सुमारे अडीच हजार ओहमचा अडथळा करतो आणि १०० अंशांना दोनशे ओहमच्याही खाली येतो. ईसीएम आपल्याकडचे ५ व्होल्ट, आतल्याच एका ठरावीक रोधातून, या तारेवर सोडतो. मणी थंड असेल तर वीज अडते आणि तारेवरचं व्होल्टेज चढं राहतं. मणी तापला की वीज निसटते, व्होल्टेज उतरतं. हलणारा भाग एकही नाही, झिजणारं काही नाही. पाण्याचा ताप थेट व्होल्टेजमध्ये उमटतो.

आता ती तार तुटली असं समजा. वीज वाहायला वाटच नाही, म्हणून व्होल्टेज चढत थेट ५ वर जाऊन बसेल. किंवा असं समजा, की तार घासून घासून तिचं प्लास्टिक सोललं आणि ती यंत्राच्या बॉडीला टेकली. मग व्होल्टेज शून्य. भोळ्या ईसीएमनं काय वाचलं असतं? ५ व्होल्ट म्हणजे भयंकर थंडी, शून्य म्हणजे भयंकर उष्णता. मे महिन्याचं नागपूर, बाहेर ४५ अंश, आणि पडद्यावर इंजिनाचं पाणी उणे ४०!

ज्यांनी हे रचलं त्यांनी व्होल्टेजच्या दोन्ही टोकांना थोडी थोडी जागा मोकळी सोडली. जगातल्या कुठल्याही खऱ्या तापमानाला सेन्सर त्या जागेत पोचूच शकत नाही. मग त्या जागेतलं व्होल्टेज आलं, तर ती पाण्याची खबर असूच शकत नाही, ती तारेची खबर असते. वरच्या मोकळ्या जागेतलं व्होल्टेज म्हणजे ३. खालच्या मोकळ्या जागेतलं म्हणजे ४. आपल्या ११०-३ मधला तीन तो हाच. कॉम्प्युटरला शहाणपण आलं ते जास्त अक्कल घालून नव्हे, दोन्ही कडांना थोडी जागा रिकामी ठेवून. मला तर ही युक्ती समजली तेव्हापासून ती डोक्यातून जात नाही.

ऑइलच्या दाबाचा सेन्सर हेच आणखी सुंदर रीतीनं करतो. इंजिन बंद आहे, ऑइलचा दाब शून्य आहे, तर सेन्सरनं शून्य व्होल्ट द्यावेत असंच आपल्याला वाटेल. तो देत नाही. तो अर्धा व्होल्ट देतो. आणि दाब पूर्ण चढला तरी ५ पर्यंत जात नाही, साडेचारवर थांबतो. दोन्हीकडचा अर्धा अर्धा व्होल्ट वाया का घालवायचा? कारण 'दाब नाही' आणि 'सेन्सरच नाही' या दोन वेगळ्या बातम्या आहेत आणि दोन्हींना एकच शून्य दिला तर त्या कायमच्या मिसळतील. अर्धा व्होल्ट म्हणजे: मी इथं आहे, जागा आहे, आणि दाब खरोखर शून्य आहे. आपल्याकडच्या साखर कारखान्यांतल्या दाब-तापमानाच्या उपकरणांतही हाच विचार आहे. तिथं संदेश ४ ते २० मिलिअँपियरच्या विजेतून जातो. चार म्हणजे शून्य, आणि खरा शून्य आला तर इलेक्ट्रिशियन टाकीकडे न जाता तारेकडे धावतो.

तर कोडमधला पहिला आकडा सांगतो कशाबद्दल, आणि दुसरा सांगतो काय प्रकारचा बिघाड. ११० म्हणजे कूलंटचं तापमान, १०० म्हणजे इंजिन ऑइलचा दाब, १९० म्हणजे इंजिनाच्या फेऱ्या, १६८ म्हणजे बॅटरीचं व्होल्टेज. हे आकडे अमेरिकेतल्या सोसायटी ऑफ ऑटोमोटिव्ह इंजिनिअर्सच्या, म्हणजे एसएईच्या, जे-१९३९ या मानकातले. त्यातले सुरुवातीचे आकडे त्याआधीच्या ट्रकांच्या मानकातून तसेच्या तसे उचलले, म्हणून ऑइलच्या दाबाचा १०० हा आकडा त्याहूनही जुना आहे. काही कंपन्या पडद्यावर स्वतःच्या पद्धतीचे कोड दाखवतात, पण दुसरा आकडा, बिघाडाच्या प्रकाराचा, बऱ्याच ठिकाणी तोच असतो.

आणि तो दुसरा आकडा म्हणजे शंकांची एक अख्खी बाराखडीच आहे. ० ते ३१, जास्तीत जास्त बत्तीस जागा. २ म्हणजे आकडा उड्या मारतोय, पटत नाही. ५ म्हणजे मी वीज पाठवली पण ती वाहिलीच नाही, वाट कुठेतरी तुटलीय. ६ म्हणजे वाजवीपेक्षा जास्त वाहिली, कुठेतरी शॉर्ट आहे. ७ वर मी नेहमी थबकतो: मी हुकूम दिला, वीज बरोबर गेली, तार ठीक आहे, पण पलीकडचा लोखंडी भाग हललाच नाही. म्हणजे व्हॉल्व्ह अडकलाय. विजेचा कॉम्प्युटर इथं विजेपलीकडच्या लोखंडाबद्दल बोलतोय! आणि खरोखरच्या तापण्यालाही तीन पायऱ्या आहेत. १५ म्हणजे थोडं जास्त तापलंय, लक्ष ठेव. १६ म्हणजे बरंच, आणि इथं बहुतेक इंजिनं आपली ताकद स्वतःच कमी करतात. ऑपरेटर म्हणतो, "मशीन पिकअप घेईना," तेव्हा पुष्कळदा यंत्र मुद्दाम घेत नसतं. शेवटची पायरी ०, सर्वांत गंभीर.

मग ११०-३ आला, तापमान कळेनासं झालं, तर ईसीएम करतो काय? बऱ्याच इंजिनांत तो पाण्याचा एक ठरावीक आकडा गृहीत धरतो आणि रेडिएटरचा पंखा पूर्ण वेगानं फिरवायला लागतो. माहिती नसेल तर वाईटातलं वाईट गृहीत धरून वागायचं. ही सावधगिरी त्याच्यात आधीपासून लिहिलेली असते.

हा सगळा मजकूर किती जागेत मावतो, माहीत आहे? ३२ बिटांत. बत्तीस वेळा शून्य किंवा एक, चार बाइट, पडद्यावरच्या इंग्रजी चार अक्षरांएवढी जागा. त्यातले १९ बिट 'कशाबद्दल'साठी, म्हणजे पाच लाखांहून जास्त गोष्टींना नंबर देता येतात. ५ बिट बिघाडाच्या प्रकारासाठी. एक बिट वाचण्याची पद्धत सांगायला. आणि उरलेले ७ बिट एका मोजणीसाठी: हा बिघाड आजवर किती वेळा आला. तापमान तर एकाच बाइटात बसतं. त्यात ० ते २५० हे आकडे खरे, आणि त्यातून ४० वजा केले की अंश सेल्सिअस मिळतात. बाइटात १२५ आले तर पाणी ८५ अंशांवर आहे. २५० च्या पुढची जागा पुन्हा राखीव! २५४ म्हणजे माझं मोजमाप बिघडलंय, २५५ म्हणजे ही गोष्ट माझ्याकडे नाहीच. व्होल्टेजच्या कडेला ठेवलेली मोकळी जागा आकड्यांच्या कडेलाही ठेवलीय.

आता ही बातमी इंजिनापासून केबिनपर्यंत जाते कशी? आजच्या मोठ्या यंत्रात एकच कॉम्प्युटर नसतो. इंजिनाचा वेगळा, हायड्रॉलिकचा वेगळा, पडद्याचा वेगळा, धूर शुद्ध करणाऱ्या यंत्रणेचा, ज्यात साइटवर सगळे नुसतं 'युरिया' म्हणतात ते द्रावण फवारलं जातं, तिचा वेगळा. आपल्याकडे चाकांच्या बांधकाम यंत्रांना एप्रिल २०२१ पासून धुराचे कडक नियम लागू झाले, तेव्हापासून रोजच्या कामातल्या जेसीबीतही हे कॉम्प्युटर शिरले. प्रत्येकाला प्रत्येकाशी तारेनं जोडायचं म्हटलं तर तारांचं जंगल होईल. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला मोटारींमध्ये हेच जंगल माजायला लागलं होतं. जर्मनीतल्या रॉबर्ट बॉश कंपनीत १९८३ मध्ये यावर काम सुरू झालं आणि फेब्रुवारी १९८६ मध्ये डेट्रॉइटला, एसएईच्याच अधिवेशनात, उत्तर मांडलं गेलं: कंट्रोलर एरिया नेटवर्क, म्हणजे कॅन. सगळ्यांसाठी मिळून फक्त दोन तारा.

यंत्राखाली वाकून बघितलंत तर पुष्कळदा एक पिवळी आणि एक हिरवी तार एकमेकींना पीळ देऊन गेलेली दिसेल. शांत असताना दोन्हींवर अडीच व्होल्ट. बोलायचं झालं की एक साडेतीनवर चढते, दुसरी दीडवर उतरते. ऐकणारा फक्त त्या दोघींमधला फरक बघतो. पीळ कशाला? शेजारी स्टार्टर शेकडो अँपियर ओढतो, त्याचा धक्का या तारांनाही लागतो. पण पीळ असल्यामुळे तो दोघींना सारखाच लागतो. दोन्ही एकदम वर गेल्या, दोन्ही एकदम खाली आल्या, तरी फरक तेवढाच राहतो. गोंगाट आपोआप वजा होतो!

पण वाट एक आणि बोलणारे अनेक. दोघे एकदम बोलले तर? इथं कॅनचं सगळ्यांत देखणं रहस्य आहे. ग्रामसभेत दोघेजण एकाच क्षणी उभे राहून बोलायला लागले, आणि योगायोगानं दोघांचे पहिले काही शब्द अगदी तेच निघाले असं समजा. तोवर कोणाचंच काही बिघडत नाही, सभेला एकच आवाज ऐकू येतो. ज्या शब्दावर दोघांची वाट वेगळी होते, त्या शब्दावर धाकटा गप्प होतो आणि थोरल्याचं वाक्य न अडखळता पुढे जातं. थोरल्याला कळतही नाही की आणखी कोणी उभं राहिलं होतं. तारेवर नेमकं हेच होतं. शून्य बोलला की तारा ताणल्या जातात, एक बोलला की त्या सैल राहतात, म्हणून शून्य नेहमी एकाला दाबतो. प्रत्येक कॉम्प्युटर बोलता बोलता ऐकतही असतो. मी एक म्हटलं आणि तारेवर शून्य ऐकू आला, म्हणजे माझ्यापेक्षा महत्त्वाचं कोणीतरी बोलतंय. मी तिथंच थांबतो. टक्कर नाही, पुन्हा पहिल्यापासून नाही, एक बिटसुद्धा वाया नाही. आणि एक बिट केवढा? सेकंदाला अडीच लाख बिटांच्या वेगात एक बिट ४ मायक्रोसेकंदांचा. एवढ्याशा वेळात हा मान राखला जातो.

महत्त्व ठरतं संदेशाच्या सुरुवातीच्या आकड्यावरून. ० सर्वांत वरचा, ७ सर्वांत खालचा. इंजिनाच्या फेऱ्यांचा संदेश ३ वर असतो. बिघाडाची बातमी? ती ६ वर. आधी यंत्र सांभाळायचं, मग त्याच्या दुखण्याबद्दल बोलायचं. तरी बिघाड चालू असेतोवर ती बातमी दर सेकंदाला पुन्हा सांगितली जाते, कोणी विचारो न विचारो. एका संदेशात आठ बाइट मावतात, त्यात दिव्यांची स्थिती आणि एक कोड सहज बसतो. दोन कोड झाले तर बातमी मोठी होते. मग तिचे सात-सात बाइटांचे तुकडे करून, प्रत्येकाला क्रमांक घालून ते एकामागून एक पाठवले जातात, आणि केबिनमधला पडदा ते पुन्हा जोडून घेतो.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. या मंडळींतला एखादा कॉम्प्युटरच बिघडला आणि अद्वातद्वा बोलायला लागला, तर सगळी सभाच बंद पडेल ना? म्हणून प्रत्येकजण स्वतःच्या चुकांचा हिशेब स्वतःच ठेवतो. पाठवलेला संदेश बिघडला तर हिशेबात ८ वाढतात, नीट पोचला तर १ कमी होतो. चूक आठपट महाग. हिशेब १२७ च्या वर गेला की तो कॉम्प्युटर दुसऱ्यांच्या बोलण्यात हरकत घेऊन ते थांबवण्याचा हक्क गमावतो. २५५ च्या वर गेला की तो स्वतःला तारेपासून तोडून घेतो. कोणी वरिष्ठ नाही, शिक्षा करणारा नाही. ज्याला आपल्यावरच शंका आली तो आपण होऊन गप्प बसतो, म्हणजे बाकीच्यांना बोलता येईल.

मग कोड येतात ते बाकीच्यांकडून. पडदा म्हणतो, इंजिनाकडून वेळेवर काही आलं नाही. हायड्रॉलिकचा कॉम्प्युटर म्हणतो, मलाही नाही. हा प्रकार नंबर ९ चा. दिसायला डझनभर कोड, आणि अनुभवी माणूस त्यात शोधतो तो एकच: ज्याच्याबद्दल सगळे तक्रार करतायत आणि ज्याची स्वतःची तक्रार यादीत कुठेच नाही. त्याचा फ्यूज, त्याची अर्थची तार आणि त्याचा कप्लर, म्हणजे तारा जोडणारा प्लग, आधी तपासायचा.

या अख्ख्या जाळ्याची तब्येत एका साध्या मल्टिमीटरनंही कळते. पिवळ्या-हिरव्या जोडीच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रोध बसवलेला असतो. तो नसेल तर संदेश तारेच्या टोकाला पोचून भिंतीवर आपटल्यासारखा परत येतो आणि मागून येणाऱ्यात मिसळतो. टोकाचा रोध त्याला गिळून टाकतो. आता मेन स्विच बंद करा आणि तपासणीच्या सॉकेटात दोन तारांमध्ये मीटर लावा. दोन १२० समांतर, म्हणजे ६० दिसायला हवेत. ६० दिसले, की दोन्ही टोकांपर्यंत वाट अखंड आहे. १२० दिसले तर एका बाजूची वाट कुठेतरी तुटलीय. ४० दिसले तर कोणीतरी तिसरा रोध जोडून ठेवलाय. शून्याच्या आसपास दिसलं तर दोन्ही तारा कुठेतरी एकमेकींना चिकटल्यात. यंत्राच्या पोटात न शिरता, एका आकड्यावर!

आता कप्लर हातात घेऊ. पडद्यावर ११०-३ आहे. नवखा माणूस तापमानाचा सेन्सर बदलतो, आणि कोड तसाच राहतो. राहणारच, कारण सेन्सर खराब आहे असं कोड म्हणालाच नव्हता. तो म्हणाला होता, इथं व्होल्टेज असायला हवं त्यापेक्षा जास्त आहे. ईसीएमच्या पिनेपासून सेन्सरपर्यंत तार, मधले कप्लर, सेन्सर, परतीची तार, यांत कुठेही वाट तुटली तरी ईसीएमला दिसणार तेच. मग तोड नेमकी कुठं, हे कसं कळणार?

त्यासाठी लागतो वायरचा एक तुकडा. सेन्सरचा कप्लर काढायचा आणि हार्नेसच्या, म्हणजे तारांच्या जुडग्याच्या, बाजूच्या दोन पिना त्या तुकड्यानं जोडायच्या. पाण्याच्या तापमानाच्या या दोन तारांच्या सेन्सरला हे चालतं. तीन तारांच्या सेन्सरला मात्र कंपनीचं पुस्तक बघितल्याशिवाय हात लावायचा नाही. आपण काय केलं? आपण मुद्दाम शॉर्ट केला. वाट धड असेल तर ईसीएमला आता शून्य व्होल्ट दिसतील आणि तो म्हणेल ११०-४. तीनचा चार झाला! म्हणजे ईसीएम ठीक, तार ठीक, मधले सगळे कप्लर ठीक. दोष सेन्सरचाच, आता तो खुशाल बदला. आणि तीनचा तीनच राहिला, तर तोड मागे कुठेतरी आहे. आणखी एक कप्लर मागे जायचं, पुन्हा जोडायचं, पुन्हा पडद्याकडे बघायचं.

कोड ११०-४ असेल तर उलटं. कप्लर नुसता काढायचा. चारचा तीन झाला, तर सेन्सर आतून शॉर्ट झालाय. चारच राहिला, तर तार कुठेतरी बॉडीला टेकलीय. यंत्राला एका बिघाडातून मुद्दाम दुसऱ्या बिघाडात ढकलायचं आणि तो बदल त्याला दिसतो का ते बघायचं. त्याच्या शंका घेण्याच्या गुणाचाच हा उपयोग. भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेतही याहून स्वच्छ प्रयोग मी कल्पू शकत नाही.

एकदम चार-पाच कोड आले तर घाबरायचं कारण नाही, उलट काम सोपं झालं असं समजायचं. पाच सेन्सर एकाच क्षणी मरत नाहीत. त्यांच्यात समाईक काय, ते शोधायचं. बरेच सेन्सर ईसीएमच्या एकाच ५ व्होल्टवर चालतात. त्यातला एक आतून शॉर्ट झाला की तो सगळ्यांचे पाच व्होल्ट खाली ओढतो आणि बाकीचे निर्दोष असूनही खोटे पडतात. मग त्या ५ व्होल्टवर मीटर लावून ठेवायचा आणि एकेक सेन्सर काढत जायचं. ज्याचा कप्लर निघताच मीटरवर पाच परत येतात, गुन्हेगार तो. किंवा समाईक असते अर्थ. सगळी व्होल्टेज अर्थपासून मोजली जातात. चिखलानं, गंजानं अर्थचा बोल्ट ढिला झाला की मोजायचा पायाच हलतो. म्हणून जुने इलेक्ट्रिशियन लॅपटॉप लावण्याआधी बॅटरीचे टर्मिनल आणि अर्थ हातानं हलवून बघतात. ते योग्यच आहे.

पण मीटरही फसतो. घासलेल्या तारेत तांब्याचा एकच धागा उरला असेल, तरी मीटर म्हणतो वाट आहे, कारण मीटर मोजायला नावापुरती वीज वापरतो आणि तेवढी एका धाग्यातून आरामात जाते. व्हॉल्व्ह हलवणाऱ्या सोलेनॉइडला लागणारी वीज त्यातून जात नाही. अशा वेळी त्या तारेवर हेडलाइटचा बल्ब जोडतात. मीटरनं पास केलेल्या तारेवर बल्ब मिणमिणला, की तार खोटी. तारेची परीक्षा घ्यायची तर तिच्याकडून खरं काम करून घ्यावं लागतं. अशा तारा सापडतात कुठं? जिथं हार्नेस बूमच्या सांध्यापाशी वाकतो तिथं, फ्रेमच्या धारेवर घासतो तिथं, प्रेशरच्या पाण्यानं धुतल्यावर कप्लरमध्ये पाणी शिरून पिनांवर हिरवट थर चढतो तिथं. आणि यंत्र पावसाळाभर उभं राहिलं असेल तर उंदरांनी कुरतडलेल्या जागी.

सर्वांत कठीण तो बिघाड, जो तपासायला माणूस आला की नाहीसा होतो. त्याच्यासाठीच ते सात बिट आहेत, आठवतात ना? मोजणी १ असेल तर कदाचित कोणी इंजिन चालू असताना कप्लर काढला असेल. ६० असेल तर काहीतरी हलतंय, घासतंय. शिवाय बरेच ईसीएम बिघाडाच्या क्षणाची नोंद ठेवतात: इंजिनाच्या फेऱ्या किती होत्या, लोड किती, टर्बोचा दाब किती, पाणी किती तापलेलं. मग फिटर यंत्र पुन्हा त्याच अवस्थेत आणतो. बिघाड पूर्ण लोडवर आला असेल तर बकेट दगडात घालून पूर्ण लोड देतो, गरम असताना आला असेल तर आधी पाणी तापू देतो. दुसरा माणूस हार्नेस हातभर हातभर हलवत जातो आणि केबिनमधला माणूस पडद्यावरचा आकडा बघत ओरडतो, "तिथंच! परत हलव!"

दुरुस्ती झाली की ११०-३ चालू कोडांच्या यादीतून जुन्या कोडांच्या यादीत जातो. तिथून तो लॅपटॉपनं पुसता येतो. चालू असताना मात्र कितीही वेळा पुसला तरी ईसीएम पुढच्याच सेकंदाला तो पुन्हा सांगतो. म्हणून चांगला फिटर आधी सगळे कोड, त्यांच्या मोजणीसकट आणि यंत्राच्या तासांसकट, वहीत उतरवून घेतो. मग यंत्र लोडवर चालवून बघतो आणि पुसण्याचं बटण सगळ्यांत शेवटी दाबतो.